सेटॅक युरोपला पहिल्यांदा जाताय? अ‍ॅब्स्ट्रॅक्टपासून टीए बिलापर्यंत

पीएचडीचं दुसरं-तिसरं वर्ष लागलं आणि एखादा पेपर छापून आला की मेलबॉक्समध्ये आमंत्रणांचा पाऊस सुरू होतो. "डिअर एमिनंट प्रोफेसर", पॅरिसला टॉक्सिकॉलॉजीची वर्ल्ड काँग्रेस आहे, दुबईला पोल्युशनची समिट आहे, तुम्ही कीनोट स्पीकर, फक्त एवढे एवढे डॉलर भरा. हे सगळं सरळ डिलीट मारा. ओळखायचं कसं तर एकाच हॉटेलात त्याच दोन दिवसांत डेंटिस्ट्री, नॅनोटेक आणि टॉक्सिकॉलॉजी असं सगळं एकत्र चाललेलं असतं, आणि अ‍ॅब्स्ट्रॅक्ट पाठवलं की दुसऱ्याच दिवशी अ‍ॅक्सेप्टन्स, म्हणजे कुणी वाचलेलंच नसतं.

आपल्या फील्डमध्ये जिथे जाऊन खरंच काही पदरात पडतं ती म्हणजे सेटॅकची मीटिंग. सोसायटी ऑफ एन्व्हायर्न्मेंटल टॉक्सिकॉलॉजी अँड केमिस्ट्री, म्हणजे पर्यावरणात सुटलेली रसायनं आणि त्यांचे विषारी परिणाम यावर काम करणाऱ्यांची संस्था. १९७९ मध्ये उत्तर अमेरिकेत सुरू झाली, युरोपची शाखा १९८९ ची. अमेरिकेतली मीटिंग नोव्हेंबरात असते, युरोपची मे महिन्यात आणि दरवर्षी वेगळ्या शहरात, २०१९ ला हेलसिंकी, मग कोविडमुळे ऑनलाइन, २०२२ ला कोपनहेगन, २०२३ डब्लिन, २०२४ सेव्हिल, २०२५ व्हिएन्ना. मी इथे युरोपचंच सांगते कारण आपल्याकडून जाणाऱ्यांपैकी बरेच जण तिकडेच जातात आणि शेंगेनचं (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचं) प्रकरण अमेरिकेच्या व्हिसापेक्षा तरी आवाक्यातलं आहे.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. सेटॅक ही फक्त प्रोफेसरांची संस्था नाही. युनिव्हर्सिटी, इंडस्ट्री आणि सरकारी यंत्रणा या तिघांचा समतोल ठेवायचा हा तिचा पहिल्यापासूनचा नियमच आहे. म्हणजे तुमच्या पोस्टरसमोर उभी असलेली बाई पेस्टिसाइड कंपनीची रेग्युलेटरी सायंटिस्ट असू शकते, तिच्या मागचा माणूस जर्मनीच्या पर्यावरण खात्यातला असू शकतो, आणि तिसरा पार्माहून आलेला, ईएफसा म्हणजे युरोपच्या फूड सेफ्टी अथॉरिटीतला. हे लोक तुमचं इंट्रोडक्शन ऐकायला आलेले नसतात, त्यांना बघायचं असतं की तुमचा आकडा त्यांना वापरता येईल का. आपल्याकडच्या सेमिनारमध्ये "व्हेरी नाइस वर्क" म्हणून पुढे जातात तसं तिथे होत नाही, आणि तेच त्या मीटिंगचं सुख आहे.

कॅलेंडर आधी बघा

अ‍ॅब्स्ट्रॅक्टची डेडलाइन बहुतेक वर्षी नोव्हेंबरच्या शेवटाकडे असते, आपल्याकडे दिवाळीनंतर सगळे सुस्तावलेले असतात नेमकी तेव्हा. निकाल नव्या वर्षात येतो, मीटिंग मे मध्ये. मधल्या दोन-तीन महिन्यांत ग्रँट, व्हिसा, तिकीट, पोस्टर सगळं बसवायचं असतं, त्यामुळे "अ‍ॅक्सेप्ट झालं की बघू" असं चालत नाही. पासपोर्ट एक्स्पायर होत असेल तर दसऱ्यालाच रिन्यू करायला टाका.

सबमिट करताना ट्रॅक आणि त्याच्याखालचं सेशन निवडायचं असतं. टॉक्सिकॉलॉजी, स्ट्रेस इकॉलॉजी, केमिस्ट्री आणि एक्स्पोजर, रिस्क असेसमेंट, एलसीए (वस्तूच्या पूर्ण आयुष्यातल्या पर्यावरणीय परिणामांचा हिशोब), पॉलिसी अशी ढोबळ विभागणी असते. इथे घाई करू नका. सेशनचं वर्णन पूर्ण वाचा आणि चेअरची नावं बघा, त्यांचे दोन पेपर चाळा. नदीच्या पाण्यातल्या औषधांच्या अंशांवर तुमचं काम असेल तर ते मॉनिटरिंगच्या सेशनमध्येही बसतं, मिक्श्चर टॉक्सिसिटीमध्येही बसतं आणि रिस्क असेसमेंटमध्येही, पण प्रत्येक ठिकाणी समोर वेगळे लोक येणार. ज्यांच्याशी तुम्हाला बोलायचंय ते जिथे असतील ते सेशन निवडा, जिथे सिलेक्शन सोपं वाटतं ते नाही.

अ‍ॅब्स्ट्रॅक्टमध्ये आकडे घाला. हे मी शंभरदा सांगते आणि तरी ज्युनिअर्स लिहून आणतात, "विविध सांद्रतांचा परिणाम अभ्यासण्यात आला असून निष्कर्षांवर चर्चा केली जाईल." अरे पण कशाचा, किती, कुणावर? डाफ्नियावर (पाण्यातला पिसूसारखा बारीक प्राणी) ४८ तासांची टेस्ट केली असेल तर तसं म्हणा, कोणत्या ओईसीडी गाइडलाइनप्रमाणे (टेस्टची ठरलेली आंतरराष्ट्रीय पद्धत) केली ते म्हणा, ईसी५० (निम्म्या प्राण्यांवर परिणाम दिसतो ती सांद्रता) किती आला, कॉन्फिडन्स इंटर्व्हल किती, आणि तो आकडा नदीत प्रत्यक्ष सापडलेल्या सांद्रतेच्या किती पट वर आहे ते एका वाक्यात सांगा. तेवढं जमलं तर अ‍ॅब्स्ट्रॅक्ट झालं. पार्श्वभूमीला दोन ओळी पुरतात, पाणी प्रदूषण ही गंभीर समस्या आहे हे तिथल्या कुणालाही नव्याने कळणार नाहीये.

प्लॅटफॉर्म की पोस्टर असा ऑप्शन येतो. प्लॅटफॉर्म म्हणजे तोंडी टॉक, साधारण १२ मिनिटं बोलणं आणि ३ मिनिटं प्रश्न. घरी आणि डिपार्टमेंटमध्ये टॉकचंच कौतुक जास्त, ते मान्य. पण पहिल्यांदा जात असाल तर मी म्हणेन पोस्टर घ्या. टॉकनंतर एखाद-दुसरा प्रश्न येतो आणि पुढचा वक्ता चढतो. पोस्टरपाशी एखादा माणूस वीस मिनिटं उभा राहतो, तुमची स्टॅटिस्टिक्स उलटीपालटी करतो, आणि जाताना त्याच्या लॅबमधल्या पोस्टडॉकचं नाव देऊन जातो. पहिल्या वेळी तुम्हाला हेच हवंय.

पैसे आणि व्हिसा

हे पटकन सांगते. सेटॅकची विद्यार्थी मेंबरशिप आधी घ्या, कारण मेंबर आणि नॉन-मेंबरच्या रजिस्ट्रेशन फीमध्ये फरक असतो, दोन्हीची बेरीज करून बघा म्हणजे कळेल. अर्ली बर्ड चुकवू नका. प्रवासासाठी एएनआरएफची (केंद्राची संशोधनाला पैसे देणारी संस्था, म्हणजे आधीचं एसईआरबी) इंटरनॅशनल ट्रॅव्हल सपोर्ट स्कीम आहे, सीएसआयआर आणि डीएसटीकडेही बघा, शिवाय युनिव्हर्सिटीचा स्वतःचा फंड असतो ज्याबद्दल कुणी आपणहून सांगत नाही, क्लार्कला विचारावं लागतं. गाइडची सही, रजिस्ट्रारची सही, एनओसी, हे सगळं अ‍ॅक्सेप्टन्स यायच्या आधी अर्धं तयार ठेवा.

शेंगेनसाठी अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो आणि कमीत कमी १५ दिवस आधी करावाच लागतो, पण १५ दिवसांच्या भरवशावर राहिलात तर तुमचं तुम्ही बघा, एप्रिल-मे म्हणजे अख्खी मुंबई-पुणे युरोप टूरला निघालेली असते आणि अपॉइंटमेंटच मिळत नाही. फी जून २०२४ पासून ९० युरो आहे, ट्रॅव्हल इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा लागतो. अर्ज ज्या देशात मीटिंग आहे त्याच देशाच्या कॉन्सुलेटकडे. इन्व्हिटेशन लेटर आयोजकांकडून मागून घ्या, आणि कव्हर लेटरमध्ये पीएचडी कधी संपणार, परत येऊन काय करणार हे साध्या भाषेत लिहा.

पोस्टर

साइज आयोजक कळवतात, बऱ्याचदा ए-झीरो उभा, म्हणजे ८४.१ बाय ११८.९ सेंमी. ते वाचूनच डिझाइन करा, आडवा पोस्टर उभ्या बोर्डावर लावला की दोन्ही बाजूंनी शेजाऱ्यांच्या हद्दीत जातो. कापडावर प्रिंट करा. पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास किंवा कुठल्याही बऱ्या फ्लेक्सवाल्याकडे होतं, घडी घालून केबिन बॅगेत टाका, ट्यूब घेऊन विमानात चढायची कटकट नाही.

वर मोठ्या अक्षरात निष्कर्ष लिहा, पेपरचं टायटल नाही. "पावसाळ्यात पातळी उतरते पण डाफ्नियाला होणारा त्रास उतरत नाही" असं काहीतरी, जे चार फुटांवरून वाचता येईल आणि वाचून माणूस थांबेल, कारण त्याला तिथेच प्रश्न पडेल की असं कसं. संस्थेचे लोगो, आभार, फंडिंग खाली बारीक. मेथडचा एक फोटो किंवा स्केच, दोन आलेख, बस. तक्ते टाकू नका, कुणी वाचत नाही, हवे असतील तर मोबाइलवर किंवा क्यूआर कोडमागे ठेवा.

आणि ४० सेकंदांचं बोलणं पाठ नाही पण तयार ठेवा. "आम्ही मुळा-मुठेचं पाणी शहराच्या वरच्या आणि खालच्या बाजूला घेतलं, त्यात ही ही पेनकिलर मोजली, आणि तेच पाणी डाफ्नियाला दिलं. जे मोजलं त्यावरून जेवढा परिणाम दिसायला हवा त्यापेक्षा जास्त दिसला, म्हणजे पाण्यात आम्ही न मोजलेलं काहीतरी आहे." एवढं बोलून गप्प बसा. आपल्या लोकांना सवय असते एकदा सुरू झालं की रेफरन्सपर्यंत थांबायचं नाही. समोरच्याला विचारू द्या.

तिथे काय विचारतात

आता मुख्य मुद्दा. या फील्डचे काही ठरलेले प्रश्न आहेत आणि ते येणारच, रिव्ह्यूअरही तेच विचारतात, त्यामुळे ही तयारी वाया जात नाही.

पहिला प्रश्न जवळजवळ नेहमी एकच, सांद्रता नॉमिनल आहे की मेजर्ड? म्हणजे तुम्ही पाण्यात टाकली तेवढी धरली की टेस्टच्या सुरुवातीला आणि शेवटी पाणी काढून मोजली. बरीच रसायनं काचेला चिकटतात, प्लॅस्टिकला त्याहून जास्त, काही उजेडात तुटतात, काही उडून जातात. टाकलेल्या सांद्रतेच्या ८० ते १२० टक्क्यांत ती टिकली तर नॉमिनल आकडा चालवून घेतात, नाहीतर मोजलेल्यावर हिशोब करावा लागतो. तुमच्याकडे एलसी-एमएस (सांद्रता मोजायचं मशीन) नव्हतं म्हणून मोजलं नाही, तर तसं सरळ सांगा, आणि कम्पाउंड किती स्थिर आहे याबद्दल लिटरेचरमधलं जे माहीत आहे ते सांगा. गोलगोल बोललात की लगेच कळतं.

दुसरा, सॉल्व्हंट कंट्रोल (कंट्रोल म्हणजे रसायन न घालता तुलनेसाठी ठेवलेला गट). डीएमएसओ किंवा अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून दिलं असेल तर फक्त पाण्याचा एक आणि फक्त सॉल्व्हंटचा एक असे दोन कंट्रोल हवेत, आणि सॉल्व्हंट प्रति लिटर ०.१ मिलीच्या वर नको. कंट्रोलमध्येच किती मेले हेही विचारतात, डाफ्नियाच्या ४८ तासांच्या टेस्टमध्ये १० टक्क्यांपेक्षा जास्त हालचाल बंद झाली तर ती टेस्टच धरत नाहीत.

तिसरा आपल्याला जास्त लागतो. नदीत जर नॅनोग्रॅम किंवा फार तर मायक्रोग्रॅम प्रति लिटर सापडतंय तर तुम्ही मिलिग्रॅममध्ये का डोस दिला? याला "गाइडसरांनी सांगितलं" हे उत्तर नाही. डोस-रिस्पॉन्सचा पूर्ण कर्व्ह हवा होता म्हणून दिला, आणि खालचे दोन डोस प्रत्यक्ष आढळणाऱ्या रेंजमध्ये आहेत, असं असेल तर उत्तम. नसेल तर पुढच्या प्रयोगात ते घाला आणि तिथे तसं बोलून टाका.

मग रेप्लिकेट. एका टाकीत दहा मासे म्हणजे दहा रेप्लिकेट नव्हेत, टाकी एकच आहे तर एन (स्वतंत्र नमुन्यांची संख्या) एकच. यावर भले भले अडकतात. नंतर एखादा स्टॅटिस्टिक्सवाला येऊन विचारेल की तुम्ही नोएक (ज्या सर्वांत मोठ्या डोसला कंट्रोलपेक्षा वेगळा परिणाम दिसत नाही तो) का दिलात, ईसी१० (दहा टक्के परिणामाची सांद्रता) का नाही, कारण नोएक हा शेवटी तुम्ही निवडलेल्या डोसांपैकीच एक असतो, डोस बदलले की तो बदलतो, आणि प्रयोग जितका ढिसाळ तितका तो वर जातो. हा वाद तिथे वर्षानुवर्षं चालू आहे, त्यात बाजू घ्यायची गरज नाही पण वाद आहे हे माहीत असावं.

धातूंवर काम असेल तर पाण्याची हार्डनेस, पीएच आणि विरघळलेला सेंद्रिय कार्बन मोजलाय का हे विचारतील, कारण तेवढंच तांबं मऊ पाण्यात मासा मारतं आणि कडक पाण्यात मारत नाही. मायक्रोप्लॅस्टिकवाल्यांची तर परीक्षाच असते. बाजारातून आणलेले पॉलिस्टायरीनचे गोल मणी वापरले का, नदीत तर तुकडे आणि धागे असतात, मग हे कशाचं मॉडेल? त्या मण्यांच्या बाटलीत प्रिझर्व्हेटिव्ह म्हणून सोडियम अझाइड असतं, ते धुऊन काढलं होतं का? की डाफ्निया अझाइडने मेले आणि नाव प्लॅस्टिकचं झालं? आणि सॅम्पलमधले निळे धागे नदीतले की तुमच्या लॅबकोटातले, ब्लँक (सॅम्पल न घालता केलेली तीच तपासणी) कुठाय?

माशांवर काम असेल तर एथिक्स क्लिअरन्सची कॉपी मोबाइलमध्ये ठेवा. युरोपात स्वतः खायला लागलेल्या अळीपासून पुढे मासा कायद्याने संरक्षित प्राणी धरतात, झेब्राफिशच्या भ्रूणावरच्या टेस्ट तिकडे एवढ्या चालतात त्याचं एक कारण तेच.

भारतातून आलाय म्हटल्यावर

दोन विषय हमखास निघतात, तुमचं काम त्यावर नसलं तरी. एक गिधाडं. मेलेल्या गुरांमधलं डायक्लोफिनॅक (वेदनाशामक औषध) खाऊन गिधाडं किडनी निकामी होऊन मरतात हे २००४ मध्ये सिद्ध झालं, भारताने २००६ मध्ये गुरांसाठी ते बंद केलं, पर्याय म्हणून मेलॉक्सिकॅम आलं. पाण्यात औषधाची पातळी मोजत बसलेल्या फील्डला कळलं की एक्स्पोजर भलत्याच रस्त्याने येऊ शकतं, म्हणून ही केस तिथे सगळ्यांना पाठ असते. त्यात स्पेनने २०१३ मध्ये तेच औषध गुरांसाठी मंजूर केलं, त्यामुळे तिकडचे लोक याबद्दल तावातावाने बोलतात, आपल्याला फक्त ऐकायचं असतं.

दुसरा, हैदराबादजवळचं पटनचेरू. औषध कारखान्यांचं सांडपाणी साफ करणाऱ्या प्लांटमधून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे अँटिबायोटिक लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत सापडलं, २००७ चा पेपर, स्वीडनच्या ग्रुपचा. मिलिग्रॅम, नॅनोग्रॅम नाही. याची तयारी म्हणजे तो पेपर आणि त्यानंतर त्या भागात झालेलं काम वाचून जा. लगेच देशाची बाजू घ्यायला धावू नका आणि "हो आमच्याकडे सगळं असंच आहे" म्हणून मान डोलवूही नका. ती औषधं जातात कुठे, स्वस्त गोळी कोण विकत घेतं, हा प्रश्न तुम्ही शांतपणे विचारू शकता, चर्चा बरी रंगते. पेस्टिसाइडवाले भेटले तर २०१७ ची यवतमाळची फवारणीतली विषबाधा त्यांना सांगा. बाटलीवर लिहिलेले हातमोजे-मास्क भर उन्हात कापसाच्या उंच पिकात किती जण घालतात, याची कल्पना लेबल मंजूर करणाऱ्यांना नसते.

आठवडा कसा घालवायचा

मीटिंग रविवार ते गुरुवार असते, रविवारी शॉर्ट कोर्सेस आणि उद्घाटन. शॉर्ट कोर्सला वेगळी फी असते पण एखादा आर (स्टॅटिस्टिक्सचं सॉफ्टवेअर) पॅकेजचा किंवा स्पीशीज सेन्सिटिव्हिटी डिस्ट्रिब्यूशनचा (कोणती प्रजाती किती संवेदनशील याच्या हिशोबाचा) कोर्स असला तर पैसे वसूल होतात. एकाच वेळी बरेच हॉल चालू असतात. सगळं बघायला गेलात तर जिने चढण्यातच दिवस जातो. आदल्या रात्री अ‍ॅपवर दिवसाचे चार-पाच टॉक मार्क करा आणि उरलेला वेळ पोस्टर हॉलमध्ये.

ज्यांना भेटायचंय त्यांना दोन आठवडे आधी मेल टाका, तीन ओळींचा, माझा पोस्टर मंगळवारी आहे, तुमच्या अमुक पेपरमधल्या एका गोष्टीबद्दल विचारायचंय, दहा मिनिटं मिळतील का. बरेच जण हो म्हणतात. तिथे सगळे एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारतात, सत्तरीच्या प्रोफेसरलाही, सुरुवातीला जीभ वळत नाही पण सर-मॅडम करत राहिलात तर समोरचाच अवघडतो. स्लाइडचे फोटो न विचारता काढू नका, अप्रकाशित डेटा असतो. आणि आपण भारतीय सगळे एका टेबलावर बसून जेवतो ते एखाद दिवस ठीक, रोज नको. एक्झिबिशनमधल्या इन्स्ट्रुमेंट कंपन्यांच्या स्टॉलवर फक्त पेनं गोळा करू नका, डेमो लॅबमध्ये सॅम्पल रन करून मिळेल का हे विचारा.

खाण्याचं, शाकाहारी ऑप्शन रजिस्ट्रेशनमध्ये टिक करा, मिळतं, पण चव वगैरे अपेक्षा ठेवू नका. भडंग, खाकरे, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट बॅगेत असू द्या. दूध आणि मांसाचे पदार्थ बाहेरून ईयूमध्ये न्यायला बंदी आहे, त्यामुळे आईने दिलेले पेढे आणि तुपाची बरणी घरीच ठेवा. आणि कृपा करून नदीच्या पाण्याचे सॅम्पल किंवा स्टँडर्डच्या व्हायल्स बॅगेत घालून नेऊ नका, कस्टम्सला टॉक्सिकॉलॉजी समजावत बसावं लागेल.

रोज रात्री झोपायच्या आधी कोण भेटलं, काय बोललं, काय पाठवायचं कबूल केलं हे लिहून ठेवा, कारण गुरुवारपर्यंत सगळे चेहरे एकमेकांत मिसळतात. परतल्यावर आठवड्याच्या आत मेल करा. "नाइस मीटिंग यू" एवढंच लिहिलं तर त्याला उत्तर येत नाही. त्यांनी जो आलेख मागितला होता तो जोडा, किंवा त्यांनी सुचवलेला कंट्रोल लावून बघितला तर काय आलं ते लिहा.

राहिलं टीए बिल, म्हणजे प्रवासखर्चाचं बिल. ग्रँटच्या नियमात बऱ्याचदा तिकीट अधिकृत एजंटकडूनच काढायचं असतं, बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स किंवा आयआरसीटीसी, तर ते बुकिंगच्या आधी अकाउंट्स सेक्शनला लेखी विचारा, नंतर स्वस्त तिकिटाचा स्क्रीनशॉट दाखवून काही होत नाही. बोर्डिंग पास जाता-येताचे दोन्ही जपून ठेवा, मोबाइलमधला असेल तर विमानात बसायच्या आधीच पीडीएफ करून घ्या. रजिस्ट्रेशनची पावती, अटेंडन्स सर्टिफिकेट, हॉटेलचं तुमच्या नावाचं बिल आणि फी भरल्याच्या दिवशीचा युरोचा रेट, सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स, कारण पहिली फाइल टेबलावरून टेबलावर फिरताना हरवतेच.